पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडम सेल : कार्यक्षमता वाढली, टिकण्याचं काय?

स्फटिक (धागाकर्ता)

मंडळी, टँडम सेलच्या विक्रमांच्या बातम्या इथे अधूनमधून येतात, त्याखाली अभिनंदनाचे चार प्रतिसाद पडतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. निळ्या प्रकाशाचा फोटॉन जवळपास २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन येतो, पण सिलिकॉन त्यातली १.१२ पेक्षा जास्त वापरूच शकत नाही. उरलेली उष्णता म्हणून वाया जाते. यामुळे सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्क्यांवर अडते आणि प्रयोगशाळेतले उत्तम सिलिकॉन सेल आज २७ टक्क्यांच्या पुढे गेलेत. म्हणजे तिथे आता फारसं काही उरलेलं नाही. सिलिकॉनच्या डोक्यावर जास्त बँडगॅपचा दुसरा सेल बसवला (हाच टँडम), की निळा-हिरवा प्रकाश वरचा सेल जास्त व्होल्टेजवर वापरतो आणि लाल-अवरक्त प्रकाश खाली सिलिकॉनला मिळतो. दोन जोडांची सैद्धांतिक मर्यादा ४५ टक्क्यांच्या आसपास जाते.

वरच्या सेलसाठी पेरोव्हस्काइट (शिसं, आयोडीन, ब्रोमीन अशा घटकांचा विशिष्ट स्फटिकरचनेचा पदार्थ) का? कारण घटकांचं प्रमाण बदललं की त्याचा बँडगॅप हवा तिथे आणता येतो, तो कमी तापमानाला बनतो आणि अर्ध्या मायक्रॉनचा थर पुरतो. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्हस्काइट सेल दाखवला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आणि द्रव इलेक्ट्रोलाइटमुळे तो काही मिनिटांत खराब व्हायचा. एप्रिल २०२५ मध्ये लाँगी कंपनीच्या पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडमला ३४.८५ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. सौर सेलच्या इतिहासात इतक्या वेगाने वर चढलेला दुसरा पदार्थ मला माहीत नाही.

आता माझा मुद्दा. "कार्यक्षमता झाली, आता टिकाऊपणा बघू" अशी भाषा सगळीकडे दिसते, जणू ही दोन वेगळ्या खात्यांची कामं आहेत. मला ते पटत नाही. सेलमध्ये व्होल्टेज जिथे गळतं, बहुतेक वेळा तिथूनच सेल खराब व्हायलाही सुरुवात होते : आंतरपृष्ठांवर, कणांच्या सीमांवर, आयोडीन निसटून रिकाम्या झालेल्या जागांवर. एकाच दोषाची ही दोन रूपं. त्यामुळे टिकण्याचा आकडा न देता फक्त टक्के सांगणारी बातमी मी अर्धीच समजतो. यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आणि प्लांटवर पॅनल हाताळणाऱ्यांनी लिहावं ही विनंती.

उन्हाळी

उत्तम विषय. एक प्राथमिक प्रश्न विचारते. वरच्या सेलचा बँडगॅप १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असावा असं सगळीकडे वाचलं. हा आकडा येतो कुठून?

स्फटिक

उन्हाळी, प्राथमिक वाटला तरी सगळं याच आकड्यावर उभं आहे. दोन टोकांच्या टँडममध्ये दोन्ही सेल एकसरीत जोडलेले असतात, म्हणून दोघांमधून एकच करंट वाहतो. एकाच नळीला दोन तोट्या एकापुढे एक लावल्या तर कमी उघडलेली तोटी प्रवाह ठरवते, तसं कमी करंट देणारा सेल दुसऱ्यालाही रोखतो. एकट्या सिलिकॉनला दर चौ. सेंमीला ४० मिलिअँपिअरच्या आसपास करंट मिळतो. तो दोघांत निम्मा-निम्मा वाटायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० येतात. १.६८ च्या आसपासचा बँडगॅप आणि योग्य जाडी ठेवली की ही वाटणी जमते. करंट निम्मा होतो, पण व्होल्टेजची बेरीज दोन व्होल्टच्या जवळ जाते आणि फायदा तिथे होतो.

चार टोकांच्या रचनेत दोन्ही सेलच्या वायरी वेगळ्या असतात, त्यामुळे ही जुळवाजुळव करावी लागत नाही. पण पारदर्शक इलेक्ट्रोड वाढतात, जोडणीचा खर्च वाढतो आणि काही प्रकाश त्या जादा थरांत शोषला जातो. विक्रम दोन टोकांच्या सेलचे आहेत आणि कारखान्यांचा कलही तिकडेच दिसतो.

काचनळी

प्रयोगशाळेत हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सेलची रचना खालून वर अशी : सिलिकॉन, त्यावर अतिशय पातळ पारदर्शक ऑक्साइडचा जोड-थर, त्यावर होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित जागा) गोळा करणारा थर, मग पेरोव्हस्काइट, त्यावर कार्बन-६० म्हणजे फुलरीनचा थर, मग टिन ऑक्साइड, मग पारदर्शक इलेक्ट्रोड आणि चांदीच्या रेघा.

होलच्या बाजूचा प्रश्न बराचसा सुटलाय. पूर्वी तिथे पॉलिमर किंवा निकेल ऑक्साइड असायचं आणि त्या पृष्ठावर बरंच व्होल्टेज वाया जायचं. मग कार्बाझोल गटाचे फॉस्फॉनिक आम्ल जोडलेले रेणू आले. ते ऑक्साइडला एका टोकाने चिकटतात आणि एका रेणूइतक्या जाडीचा थर आपोआप तयार होतो. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने या रेणूंवर २०२० मध्ये २९.१५ टक्के गाठले. मात्र हा थर सलग बसला नाही, मध्ये उघडी जागा राहिली, तर तिथे पेरोव्हस्काइट थेट ऑक्साइडला टेकतं. सुरुवातीला मीटरवर काही कळत नाही. उष्णतेत ठेवल्यावर तिथूनच सेल बसायला लागतो. स्फटिक म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे.

खरी डोकेदुखी आहे ती वरच्या बाजूची. कार्बन-६० इलेक्ट्रॉन छान उचलतं, पण पेरोव्हस्काइटला ते थेट भिडलं की तिथे इलेक्ट्रॉन आणि होल प्रकाश न देताच एकत्र येतात. आज टँडममध्ये गळणाऱ्या व्होल्टेजचा मोठा हिस्सा या एकाच आंतरपृष्ठावर जातो. उपाय म्हणून मध्ये काहीतरी घालतात : नॅनोमीटरभर लिथियम फ्लोराइड, पायपरेझिनियम आयोडाइड, डायअमोनियमचे क्षार, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. हेल्महोल्ट्झचा २०२२ च्या शेवटचा ३२.५ टक्क्यांचा सेल पायपरेझिनियमवरच होता. पण लिथियम फ्लोराइडने व्होल्टेज वाढलं तरी सेलचं आयुष्य वाढेलच असं नाही. त्यातले आयन (विद्युतभारित अणू) पुढे सरकतात. म्हणून पॅसिव्हेशनचा, म्हणजे पृष्ठावरचे दोष निष्प्रभ करणारा पदार्थ निवडताना आम्ही आता "व्होल्टेज किती वाढलं" याच्या जोडीला "८५ अंशांवर आठवडाभराने तो आहे तिथेच आहे का" हेही बघतो. पहिल्या परीक्षेत पास झालेले कितीतरी रेणू दुसरीत गळतात.

टिन ऑक्साइडचा थरही दुर्लक्षून चालणार नाही. वरचा पारदर्शक इलेक्ट्रोड स्पटरिंगने (कणांच्या माऱ्याने थर चढवण्याच्या पद्धतीने) बसवतात आणि त्यातले वेगवान कण खालचा नाजूक माल खराब करू शकतात. अणुथर पद्धतीने १०० अंशांच्या आत बसवलेलं वीसेक नॅनोमीटर टिन ऑक्साइड हा मारा झेलतं. शिवाय बाहेरून ओल आत येऊ देत नाही आणि आतलं आयोडीन बाहेर चांदीपर्यंत जाऊ देत नाही. आयोडीन चांदीला भेटलं की सिल्व्हर आयोडाइड तयार होतं आणि इलेक्ट्रोड काळवंडतो. हा थर आधी फक्त संरक्षणासाठी आला होता; आज तो काढला तर कार्यक्षमता आणि आयुष्य दोन्ही पडतात.

वाचनमात्र

वाचतेय. काचनळी, सिलिकॉनवर पिरॅमिडसारखे उंचवटे असतात ना? अर्ध्या मायक्रॉनचा थर त्यावर बसतो कसा?

काचनळी

नेहमीच्या सिलिकॉनवरचे पिरॅमिड काही मायक्रॉन उंच असतात. त्यावर द्रावण ओतून फिरवलं तर सगळं दऱ्यांत साचतं आणि शिखरं उघडी पडतात. शिखर उघडं म्हणजे शॉर्ट सर्किट. दोन मार्ग आहेत. पहिला, सिलिकॉन गुळगुळीत करा किंवा पिरॅमिड मायक्रॉनपेक्षा लहान ठेवा, म्हणजे द्रावण त्यांना झाकून टाकतं. दुसरा, आधी निर्वातात लेड आयोडाइड आणि सीझियमच्या क्षाराची वाफ बसवा, ती पिरॅमिडच्या उतारांवरही सारखी बसते. मग सेंद्रिय क्षाराचं द्रावण देऊन त्याचं पेरोव्हस्काइट करा. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली या दुहेरी पद्धतीने २५.२ टक्के मिळाले होते. अडचण अशी की उताराच्या तळाशी लेड आयोडाइडचं रूपांतर अपुरं राहू शकतं. उरलेलं लेड आयोडाइड प्रकाशात फुटतं आणि तिथून खराबी पसरते.

विद्युल्लता

मी प्लांटच्या बाजूने लिहिते. चर्चेत एक हिशेब हवाच, म्हणून मांडते.

समजा साधं सिलिकॉन पॅनल २२ टक्क्यांचं आहे आणि दरवर्षी मूळ क्षमतेच्या अर्धा टक्का घसरतं. टँडम पॅनल २८ टक्क्यांचं आहे, पण दरवर्षी ३ टक्के घसरतं. सरळ रेषेत घसरण धरली तर आठव्या वर्षाच्या सुमारास दोघांची क्षमता सारखी होते आणि त्यापुढे टँडम मागे पडतं. २५ वर्षांची सरासरी काढली तर सिलिकॉन २०.६ आणि टँडम १७.५. सहा टक्क्यांची आघाडी घेऊन निघालेलं पॅनल एकूण वीज कमीच देतं. २५ वर्षांत बरोबरी साधायची असेल तर टँडमची घसरण वर्षाला सुमारे २.१ टक्क्यांच्या आत हवी. यात टँडमची जादा किंमत धरलेलीच नाही. ती धरली तर वर्षाला १ टक्क्याच्या आसपास यावं लागेल. तेव्हा सरासरी २४.५ होते आणि टँडम खरोखर फायद्याचं ठरतं.

म्हणून माझ्यासारखीला ३४ की ३५ टक्के यापेक्षा घसरण किती हे आधी कळायला हवं. "१,००० तासांनंतर ९५ टक्के शिल्लक" अशी वाक्यं वाचली की मी ताबडतोब भागाकार करते. भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी वर्षभरात जमिनीवर साधारण २,००० तास पूर्ण तीव्रतेचं ऊन मोजलं जातं. म्हणजे १,००० तास ही अर्ध्या वर्षाची मात्रा झाली. अर्ध्या वर्षात ५ टक्के!

सांजवेळ

दहा-बारा वर्षं झाली, पेरोव्हस्काइट "लवकरच बाजारात" असं ऐकतोय. विद्युल्लतांचा हिशेब वाचून वाटतं की सिलिकॉनच आणखी स्वस्त करत राहावं. यावर एवढा पैसा आणि बुद्धी का खर्च करायची?

स्फटिक

सांजवेळ, शंका रास्त आहे. पण दोन गोष्टी. पहिली, सौर प्रकल्पाच्या खर्चात पॅनलचा वाटा आता तुलनेने लहान झालाय. जमीन, सांगाडे, वायरी, मजुरी हा मोठा खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो. त्याच जागेत जास्त वीज निघाली तर हे सगळंच प्रति युनिट कमी होतं. सिलिकॉन कितीही स्वस्त केलं तरी हा फायदा त्यातून मिळत नाही. दुसरी, "लवकरच"चा काळ संपत आलाय. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये २४.५ टक्के कार्यक्षमतेची टँडम पॅनलं पहिल्यांदा ग्राहकाला पाठवली. प्रयोगशाळेतले ३४ आणि बाजारातले २४.५ यांत अंतर मोठं आहे, ते मान्य. पण विक्रम एक चौ. सेंमीच्या तुकड्यावरचे असतात. लाँगीनेच २०२५ मध्ये २६०.९ चौ. सेंमीच्या सेलवर ३३ टक्के दाखवले आणि माझ्या लेखी तो आकडा ३४.८५ पेक्षा महत्त्वाचा आहे. इतक्या मोठ्या पृष्ठावर थर सारखा बसवता येतो, हे त्यातून दिसलं.

विद्युल्लता, तुमचा भागाकार बरोबर. एक भर घालतो. १,००० तास कोणत्या परिस्थितीत, यावर सगळं ठरतं. नायट्रोजनच्या पेटीत २५ अंशांवर काढलेले तास आणि उघड्या हवेत ८५ अंशांवर काढलेले तास यांची तुलनाच होऊ शकत नाही. प्रिन्स्टनच्या गटाने २०२२ मध्ये पूर्ण अजैविक पेरोव्हस्काइटचे सेल ११० अंशांपर्यंत तापवून, प्रकाशात ठेवून त्यांचं वय वेगाने वाढवलं आणि त्यावरून ३५ अंशांवरचं आयुष्य सुमारे ५१,००० तास काढलं. ते एकजोडाचे आणि कमी कार्यक्षमतेचे सेल होते, पण वय वेगाने वाढवून अंदाज बांधायची रीत त्यांनी घालून दिली.

विद्युल्लता

मग आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्या पास झालेलं पॅनल पुरेसं समजायचं का? ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, उणे ४० ते ८५ अंशांची २०० आवर्तनं. सिलिकॉनसाठी आम्ही हेच बघतो.

स्फटिक

माझं उत्तर : गरजेचं आहे, पुरेसं नाही. त्या चाचण्या सिलिकॉनच्या दुखण्यांवरून ठरल्यात. ओल-उष्णतेची चाचणी अंधारात होते. पेरोव्हस्काइटचं दुखणं प्रकाश आणि उष्णता एकत्र आल्यावर बळावतं. प्रकाशात आयन हलायला लागतात, उष्णतेत ते आणखी मोकळे होतात आणि सेलमधलं विद्युतक्षेत्र त्यांना एका बाजूला ओढतं. म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी एकत्र येऊन आयसॉस ही टिकाऊपणाच्या चाचण्यांची नियमावली पेरोव्हस्काइटसाठी वाढवली. त्यात प्रकाश, उष्णता आणि भार हे सगळं एकाच वेळी देऊन सेल कमाल शक्तीच्या बिंदूवर चालवायचा प्रकार आहे, आणि दिवस-रात्र आवर्तनांचाही आहे. रात्री अंधारात काही आयन परत जागेवर येतात आणि सकाळी सेल सुधारलेला दिसतो. काही सेलमध्ये याच्या उलट होतं, आवर्तनांत ते सलग प्रकाशापेक्षा लवकर खराब होतात. सलग दिव्याखाली काढलेल्या आकड्याने हे समजत नाही.

काचनळी

तापमान-आवर्तनाच्या चाचणीबद्दल एक. पेरोव्हस्काइट तापल्यावर सिलिकॉनच्या दसपटीहून जास्त फुगतं. वर कार्बन-६० ची पकड मुळात ढिली. आवर्तनांत ताण याच जोडावर येतो आणि थर तिथून सुटतो. म्हणजे व्होल्टेज गळतं ते आंतरपृष्ठ यांत्रिकदृष्ट्याही सगळ्यात कच्चं आहे. म्हणून दोन्ही बाजूंना रासायनिक बंध धरणारे रेणू तिथे घालण्याचं काम आम्हाला सगळ्यात आशादायक वाटतं.

पॅनल बंद करतानाही जुनी सवय सोडावी लागते. सिलिकॉनसाठी ईव्हीए या चिकटणाऱ्या प्लास्टिकचा थर १५० अंशांच्या आसपास तापवून दाबतात. इतकं तापमान पेरोव्हस्काइटला सोसत नाही, आणि ईव्हीए वय झालं की अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. त्याऐवजी पॉलिओलेफिन, दोन्ही बाजूंनी काच आणि कडेला ब्युटाइल रबराची पट्टी अशी रचना करतात. कड नीट बंद झाली तर ओलीचा प्रश्न मी सुटल्यासारखाच धरतो. आतून हलणाऱ्या आयनांना मात्र कुठलीच काच थांबवत नाही.

उन्हाळी

बँडगॅप वाढवायला ब्रोमीन घालतात आणि प्रकाशात ते वेगळं होतं, असं वाचलं होतं. हे तेच आयन का?

काचनळी

हो, तेच. २०१५ मध्ये होक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं म्हणून होक परिणाम म्हणतात. १.६८ चा थर लेसरखाली ठेवला की त्याची चकाकी ७४० नॅनोमीटरच्या आसपास दिसते. मिश्रण कच्चं असेल तर बघता बघता आलेखातलं तिचं शिखर लाल बाजूला सरकायला लागतं, कारण आयोडीन एका जागी गोळा होऊन कमी बँडगॅपची छोटी बेटं तयार होतात आणि इलेक्ट्रॉन-होल तिथे जाऊन अडकतात. दिवा बंद करून थर अंधारात ठेवला की शिखर परत जागेवर येतं. स्क्रीनवर हे घडताना दिसतं तेव्हा घन पदार्थ म्हणून ज्याकडे बघतो तो आतून किती चंचल आहे, हे मनावर ठसतं.

इथे कार्यक्षमता आणि टिकाऊपणा खरोखर विरुद्ध दिशांना ओढतात, त्यामुळे स्फटिक यांच्या मुद्द्याला हा अपवाद समजा. बँडगॅप हवा तर ब्रोमीन हवं, आणि ब्रोमीन वाढलं की हा त्रास वाढतो. सिलिकॉन टँडमला साधारण २० टक्के ब्रोमीनमध्ये भागतं. मिथाइलअमोनियम काढून फॉर्मअ‍ॅमिडिनियम आणि सीझियम वापरलं की तो थर बऱ्यापैकी स्थिर राहतो, आणि मिथाइलअमोनियम गेल्याने उष्णतेतही सेल जास्त टिकतो. खाली सिलिकॉनऐवजी टिन-शिशाचं पेरोव्हस्काइट घेतलं, म्हणजे दोन्ही सेल पेरोव्हस्काइटचे, तर वरचा बँडगॅप १.८ च्या जवळ न्यावा लागतो. तिथे ब्रोमीन ४० टक्क्यांपर्यंत जातं आणि त्रास फार वाढतो. शिवाय टिनचं ऑक्सिडीकरण आहेच. चीनमध्ये नानजिंगला या प्रकारात २८ टक्क्यांच्या पुढे काम झालंय, पण टिकण्यात ते सिलिकॉन टँडमच्या बरंच मागे आहे.

स्फटिक

अपवाद मान्य. त्याला जोडून एक दिलासा. १.६८ हा आकडा प्रयोगशाळेतल्या २५ अंशांसाठी आहे. उन्हात पॅनल ६०-६५ अंशांवर जातं. सिलिकॉनचा बँडगॅप तापल्यावर कमी होतो, पेरोव्हस्काइटचा उलट वाढतो, दोन्हीकडे दर अंशाला साधारण ०.३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे तापलेल्या पॅनलमध्ये सिलिकॉनचा करंट थोडा वाढतो, वरच्याचा घटतो आणि जुळवलेली वाटणी बिघडते. म्हणून प्रत्यक्ष उन्हात चालवायचं तर १.६८ पेक्षा थोडा कमी बँडगॅप बरा पडतो. सौदीतल्या काउस्ट विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये बाहेरच्या मोजमापांवरून हे दाखवलं होतं. पॅनल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारं असेल तर मागून येणारा प्रकाश सिलिकॉनला जादा करंट देतो, मग बँडगॅप आणखी खाली आणता येतो. बँडगॅप खाली म्हणजे ब्रोमीन कमी, आणि ब्रोमीन कमी म्हणजे थर जास्त स्थिर. विक्रमाची अट सोडून खऱ्या उन्हासाठी सेल बनवला की तो आपोआप जास्त टिकाऊ होतो.

वाचनमात्र

शिशाबद्दल कोणी लिहील का? पॅनल फुटलं तर?

काचनळी

साधा हिशेब : एक चौ. मीटरवर अर्ध्या मायक्रॉनचा थर म्हणजे अर्धा घन सेंमी. घनता सुमारे ४, म्हणजे २ ग्रॅम माल, त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश शिसं. जवळपास ०.७ ग्रॅम. थर एक मायक्रॉनचा केला तर दुप्पट. नेहमीच्या पॅनलच्या जोडणीतल्या सोल्डरमध्येही शिसं असतंच. पण एवढ्यावर हा प्रश्न झटकू नये, कारण पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात जास्त सहज विरघळतं. फुटलेल्या पॅनलमधून ते बाहेर जाऊ नये म्हणून शिसं धरून ठेवणारे थर बसवतात. २०२० मध्ये अशा थरांनी गळतीतलं ९६ टक्क्यांहून जास्त शिसं अडवल्याचं प्रसिद्ध झालं होतं. असे थर बाजारातल्या प्रत्येक पॅनलमध्ये सक्तीचे असावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्युल्लता

शेवटचा व्यावहारिक प्रश्न, सावलीचा. एका सेलवर पान पडलं की बाकीचे सेल त्याला उलट व्होल्टेज देतात. पेरोव्हस्काइटला उलट व्होल्टेज अजिबात सोसत नाही असं ऐकलंय. मग प्रत्येक सेलला बायपास डायोड (करंटला वळसा देणारा) लावायचा का?

स्फटिक

एकट्या पेरोव्हस्काइट सेलबाबत ते खरं आहे. उणे एक ते चार व्होल्टलाच त्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. टँडममध्ये मात्र खालचं चांगलं सिलिकॉन उलट व्होल्टेजचा बहुतेक भार स्वतःवर घेतं, कारण ते उणे १५ आणि त्याहून जास्तही झेलतं. वरच्या सेलपर्यंत फारच थोडं पोचतं. २०२३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. तेव्हा नेहमीसारखे सेलच्या गटाला एक या हिशेबाने डायोड चालावेत. अट एवढीच की सिलिकॉनच्या सेलला कडेने गळती नको. गळकं सिलिकॉन असेल तर भार वर सरकतो. खरेदीच्या वेळी सावलीत ठेवून घेतलेल्या चाचणीचा अहवाल वेगळा मागून घ्या, आणि तो दिव्याखाली तापवलेल्या पॅनलचा आहे का, तेही विचारा.

विद्युल्लता

हे नोंदवून घेतलं. सावलीची चाचणी आणि दिवस-रात्र आवर्तनांचा आलेख, दोन्ही निविदेच्या तांत्रिक अटींत घालण्याचा प्रस्ताव मांडते. उत्पादकांकडून काय उत्तर येतं ते याच धाग्यावर लिहीन.